परसबाग काढताय? आधी बियाण्याचं बघा



माघ संपत आला. विहिरीचं पाणी खाली चाललंय, मेथी फुलावर आली, पालकाला दांडे फुटले, वालाच्या शेंगा वेलावरच वाळून खुळखुळायला लागल्या. गेल्या पंधरा दिवसांत ज्या ज्या बैठकीला गेले तिथे एकच वाक्य ऐकलं, "मॅडम, परसबाग आता संपली, काढून टाकतो." काढा, जरूर काढा. पण विळा हातात घेण्याआधी हा लेख वाचा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना बैठकीत वाचून दाखवा, कारण बियाण्यातलं सगळ्यात जास्त त्यांनाच कळतं. मी इथे जे लिहितेय त्यातलं निम्मं त्यांच्याकडूनच शिकलेय.

आधी माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी मी या कामावर नवीन होते. एमएसडब्ल्यू झालेली, पुस्तकातलं सगळं पाठ. पावसाळ्याच्या तोंडाला आपण बाजारातून भाजीपाल्याची पाकिटं आणून एका गटात वाटली होती. बाग झकास आली. हंगाम संपताना मी बैठकीत उभी राहून सांगितलं, "आता यातलंच बी धरा, पुढच्या वर्षी एक रुपया खर्च नको." बायांनी माझं ऐकलं. टोमॅटोचं, दुधीचं बी धरलं. पुढच्या जूनमध्ये लावलं, आणि काय सांगू! एका रोपाला गोटीएवढे टोमॅटो, दुसऱ्याला आंबट-ढोण, तिसऱ्याला फुलंच नाहीत. दुधी एक लांबट, एक गोल, एक वेल नुसताच पसरला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पाकिटं परत काढून पाहिली तर वर बारीक अक्षरात "संकरित" असं छापलेलं होतं. ते मी वाचलंच नव्हतं.

तर ही पहिली गोष्ट. पाकिटावर "संकरित", "हायब्रीड" किंवा "एफ-१" लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी धरू नका. दोन वेगळ्या जातींचा मुद्दाम संकर करून ते बी तयार केलेलं असतं. पहिल्या पिढीत सगळी रोपं सारखी आणि जोमदार येतात. त्यांचं बी धरून लावलं की एका आईची पाच पोरं पाच तऱ्हेची, तसं होतं. भाजी म्हणून खा, बियाण्याला ठेवू नका. "सुधारित" किंवा "सरळ वाण" असं लिहिलेलं असेल तर बी धरता येतं. आणि घरचं, सासूकडून आलेलं, माहेरहून आणलेलं गावरान बी असेल तर ते धरलंच पाहिजे.

धरलंच पाहिजे असं का म्हणते, त्याला कारण आहे. आपल्या एका गटात एक काकू आहेत. त्यांच्याकडे वालाची एक जात होती. दाणा पांढरा, डोळ्याजवळ काळा ठिपका, शिजायला मऊ. काकू म्हणायच्या, "हा वाल माझ्या सासूच्या सासूचा." मागच्या साली त्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नेमकं त्याच दिवसांत वाल काढणीला आला. सुनेने शेंगा काढल्या, फोडल्या, अर्धवट वाळलेले दाणे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फडताळात ठेवले. मृगाच्या आधी पिशवी सोडली तर आत बुरशी आणि भुंगे. एक दाणा उगवला नाही. सून रडायची बाकी होती. तिचा तरी काय दोष, तिला कोणी दाखवलंच नव्हतं. गावात विचारलं तर त्या जातीचा वाल कोणाकडेच नव्हता. सगळ्यांनी काकूंकडूनच घेतला होता, आणि "लागला तर काकूंकडे आहेच" म्हणून कोणी पुढे जपला नव्हता.

त्या वालाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी कामाचं.

सगळ्यात मोठी खोड कुठे आहे माहितीय? आपण चांगलं चांगलं खातो, आणि उरलंसुरलं बियाण्याला ठेवतो. पहिली भेंडी कोवळी, ती भाजीला. मोठा दुधी पाहुण्यांना. आणि हंगाम संपताना वेलाच्या टोकाला एखादं वाकडंतिकडं, किडकं फळ राहतं, ते बियाण्याला. मग पुढच्या वर्षी वेलही तसलाच येतो, आणि आपण म्हणतो, "घरच्या बियाला जोर नाही हो." जोर कसा असेल? घरातला पोरगा लग्नाचा झाला की सोयरीक बघताना सात पिढ्या काढता, आणि बियाण्याला वेलावरचं शेवटचं फळ!

म्हणून आत्ता, आजच संध्याकाळी, परसात एक चक्कर मारा. सोबत लाल चिंधी घ्या. जे झाड निरोगी आहे, ज्याने भरपूर दिलं, ज्याची भाजी घरात सगळ्यांना आवडली, त्याला चिंधी बांधा. फळ बघून झाड निवडू नका, झाड बघून फळ निवडा. एखाद्या मरतुकड्या वेलाला एखादं मोठं फळ लागू शकतं, त्याला भुलायचं नाही. आणि घरात ताकीद द्या, चिंधीचं फळ कोणी तोडायचं नाही. एका ताईंच्या नवऱ्याने चिंधीसकट वांगं आणून स्वयंपाकघरात ठेवलं होतं, "लाल खूण केली म्हणजे हेच चांगलं ना" म्हणून! तेव्हा सांगून ठेवलेलं बरं.

पालेभाज्यांत थोडं उलटं डोकं चालवावं लागतं. मेथी, कोथिंबीर, पालक यात काही रोपं लवकर फुलावर येतात. आपल्याला वाटतं, बरं झालं, याचं बी लवकर मिळेल. पण ते बी धरलं तर पुढची भाजीसुद्धा लवकर फुलावर जाणार, म्हणजे खुडायला कमी दिवस मिळणार. ज्या रोपांनी शेवटपर्यंत पाला दिला आणि उशिरा फुलं काढली, त्यांना चिंधी बांधा. लवकर फुललेली खुशाल उपटून शेळीला घाला.

रोगट झाडाचं बी नको. भेंडीची पानं पिवळी पडून शिरा दिसायला लागल्या, वालाची पानं आक्रसली, चट्टेपट्टे आले, तर ते झाड बियाण्यातून बाद. वाल-घेवड्यासारख्या पिकांत काही रोग बियांमधूनच पुढच्या वर्षी जातात. अशी झाडं कंपोस्टच्या खड्ड्यातही टाकू नका, लांब नेऊन जाळा.

आता भेसळीचं. बैठकीत दर वेळी विचारतात, "मॅडम, भोपळ्याशेजारी कारलं लावलं, तर भोपळा कडू होईल का?" नाही होणार. दुधी, कारलं, लाल भोपळा, काकडी यांचा एकमेकांशी संकर होत नाही. पण दुधीच्या दोन जाती शेजारी असतील तर मधमाशा आणि पाखरं एकीचं पराग दुसरीला नेतात आणि बी मिसळतं. काकडी, भोपळा, दोडका, मुळा यांत हे फार होतं. वांगी, मिरची, भेंडीत थोडंफार. टोमॅटो, वाल, चवळी, मेथीत बहुतेक नाहीच. म्हणून पहिल्यांदाच बी धरणार असाल तर वाल, चवळी, मेथीपासून सुरुवात करा, ती सहसा दगा देत नाहीत. वेलवर्गीयांसाठी गावात ठरवून घ्या, या आळीत गोल दुधी, त्या आळीत लांब. लाल भोपळ्याला अजून फुलं असतील तर हातानेही करता येतं. मादी फुलाच्या मागे बारीक भोपळा असतो, नराच्या मागे नुसता देठ. उद्या उमलणाऱ्या दोन्ही कळ्यांना आदल्या संध्याकाळी दोरा बांधायचा. सकाळी उठून दोन्ही सोडायच्या, नर फुलाच्या पाकळ्या काढून आतला भाग मादीच्या तोंडावर फिरवायचा, आणि मादी फूल परत बांधायचं. देठाला चिंधी. पाच मिनिटांचं काम आहे, आणि शाळेतल्या पोरांना फार आवडतं.

दुधीबद्दल एक गोष्ट मात्र अगदी बजावून सांगते. बियाण्याचा दुधी वेलावर वाळवायचा, म्हणून त्याची चव बघता येत नाही. तेव्हा त्याच वेलाचं दुसरं फळ आधी चाखून बघा. बारीक तुकडा, जिभेला लावून. कडू लागला तर थुंकून टाका, ती भाजी खाऊ नका, आणि त्या वेलाचं बी एकही ठेवू नका. कडू दुधी विषारी असतो. त्याचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. "औषधी असतो, कडूच चांगला" असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

बी कधी पिकतं? आपण खातो तेव्हा नाही, एवढं लक्षात ठेवलं की बरंचसं झालं. भाजीचं वांगं जांभळं किंवा हिरवं, बियाण्याचं वांगं पिवळसर पडून मऊ झालेलं. काकडी पिवळी-तांबूस. भेंडी झाडावरच वाळून तपकिरी, कडेने फुटायला आलेली. मिरची लालभडक. दुधी, दोडका, घोसाळं वेलावर वाळून हलवलं की आत खुळखुळलं पाहिजे. लाल भोपळा पिकल्यावर तोडा, पण लगेच फोडू नका. पंधरा-वीस दिवस घरात ठेवा, आतलं बी भरतं. वालाच्या शेंगा वाळल्या की रोज थोड्या थोड्या काढा. सगळ्या एकदम काढू म्हणून थांबलात तर अर्धं बी जमिनीवर सांडतं.

टोमॅटो आणि काकडीच्या बियांभोवती बुळबुळीत आवरण असतं. गर काढून भांड्यात थोड्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवा. वरती फेस येतो, थोडा वास येतो, घाबरू नका. मग चोळून धुवा. जे तरंगतं ते पोकळ, फेकून द्या. तळाशी बसलं ते बी. वांग्याचंही असंच, फक्त आंबवायची गरज नाही, कुस्करून धुतलं की झालं.

आणि वाळवणं. इथेच काकूंचा वाल गेला, म्हणून इथे जरा थांबते. ओलं बी पहिल्या दिवशी सावलीतच, वारा लागेल असं. नंतर सकाळचं कोवळं ऊन. फाल्गुनातलं दुपारचं ऊन नको, आणि पत्र्यावर तर मुळीच नको. पत्रा तापला की बी भाजतं, वरून चांगलं दिसतं पण आतला कोंब मरतो. प्लास्टिकच्या कागदावरही नको. सुपात किंवा जुन्या लुगड्यावर पसरा, रोज हलवा, संध्याकाळी घरात घ्या, कारण पहाटेचा गारवा बी परत ओढून घेतं. कोंबड्यांवर एखाद्या पोराला राखण ठेवा. वाळलं की नाही कसं ओळखायचं? वालाचा दाणा दाताखाली धरा. दात रुतला तर ओला, कट्कन तुटला तर वाळला. भोपळ्याचं बी वाकवून बघा, वाकलं तर अजून दोन दिवस, मोडलं तर झालं.

वाळलेलं बी उन्हातून आणून गरम असताना डब्यात भरू नका. आत घाम सुटतो. रात्रभर गार होऊ द्या. मग घट्ट झाकणाची काचेची बरणी, किंवा मडकं. चाळलेली, कोरडी राख आपल्या सगळ्यांकडे आहे. बी आणि राख एकत्र करून भरा, वर राखेचा थर. काही जणी वाळलेला लिंबाचा पालाही टाकतात. वाल-चवळीला भुंगे फार, त्यांना किलोला एक चहाचा चमचा खायचं तेल हाताने चोळून लावलं तरी भुंग्यांपासून बचाव होतो. आपल्या आज्या काकडी-भोपळ्याचं बी शेणात कालवून भिंतीला थापायच्या, ती रीत अजून कोणाकडे असेल तर मला फोटो काढायला बोलवा. मला ती फक्त ऐकून माहीत आहे.

बरणीवर चिठ्ठी हवीच. काय बी, कोणत्या महिन्यातलं, कोणाच्या परसातलं. "माझ्या लक्षात राहतं" असं सगळ्याच म्हणतात, आणि जूनमध्ये मुळा समजून भलतंच लावतात. कांद्याचं बी फार टिकत नाही, दुसऱ्या वर्षावर भरवसा ठेवू नका. वांगी, भोपळा वर्गातलं बी नीट वाळवलेलं असेल तर तीन-चार वर्षंही चालतं. तरी मे महिन्यात परीक्षा घ्या. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं सुकू देऊ नका, आणि आठवड्याने मोजा. सात-आठ उगवल्या तर चांगलं, पाच उगवल्या तर दुप्पट पेरा, दोन-तीनच उगवल्या तर शेजारणीकडे वाटी घेऊन जा.

एक आणखी. रब्बीचं शेत मोकळं झालं की गुरं, शेळ्या मोकाट सुटतात. बागेतलं बाकी काही राहिलं नाही तरी चिंधीच्या झाडांभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला, आणि मोरीचं पाणी त्यांच्याकडे वळवा. बाकीची निरोगी झाडं उपटून कंपोस्टला. वाल-चवळीची मात्र उपटू नका, जमिनीलगत कापा. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत जमिनीला उपयोगी नत्र असतं.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, पाकीट मिळतंच की. मिळतं, आणि घ्यायला माझी ना नाही. पण जूनमध्ये पोरांची वह्या-पुस्तकं, खतं, पेरणी सगळं एकदम येतं. तेव्हा पाच-सहा पाकिटांचे शे-दोनशे रुपयेसुद्धा मागे पडतात आणि परसबाग राहूनच जाते, हे मी दरवर्षी बघते. मग श्रावणात बाजारातली भाजी. घरात बी असेल तर पहिला पाऊस पडला की आळं करून दोन दाणे टाकता येतात, कोणाला विचारावं लागत नाही.

शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान वाणांचं बी जमवलं, घरात बियाण्याची बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं नाव काढलं की आपल्या बायका म्हणतात, "त्या मोठ्या बाई, आपल्याला कुठं जमणार." त्यांनीही सुरुवात घरच्या परसापासूनच केली.

बी द्यायला-घ्यायला, विकायलाही भीती बाळगू नका. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं ब्रँड लावून विकता येत नाही.

आता काकूंचा वाल. तो गेला म्हणून आम्ही सगळ्या हळहळलो, आणि विषय संपला असं वाटलं. दिवाळीला काकूंची नणंद माहेरी आली. बोलता बोलता निघालं की लग्नात तिच्या ओटीत आईने त्याच वालाच्या शेंगा घातल्या होत्या, आणि तिच्या सासरी तो कुंपणावर अजून आहे. या जानेवारीत तिने ओंजळभर पाठवला. काकूंनी तो मोजला, त्रेसष्ट दाणे. डोळ्याला चष्मा लावून एकेक दाणा हातात घेऊन बघत होत्या, काळा ठिपका आहे की नाही. सून शेजारी बसून राख चाळत होती.

एकाच घरात ठेवलेलं बी कधीही जाऊ शकतं. आजारपण, उंदीर, गळकं घर, काहीही होतं. म्हणून प्रत्येक वाणाचं बी कमीत कमी तीन घरांत हवं, आणि शक्यतो एक घर दुसऱ्या वाडीवरचं. आपण अंतर्गत कर्जाचा हिशेब ठेवतो तसंच बियाण्याचं एक रजिस्टर ठेवू. जिने एक वाटी नेली तिने पुढच्या हंगामात दोन वाट्या परत करायच्या, एक गटाला आणि एक जिच्याकडून घेतली तिला. व्याजदर जास्त आहे, पण कोणी कुरकूर करणार नाही असं वाटतं! दोन गटांनी हे मागच्या महिन्यात सुरू केलंय. त्यांच्या रजिस्टरमध्ये आत्ता अकरा वाणं आहेत.

काकूंचे त्रेसष्ट दाणे तीन ठिकाणी गेले. वीस त्यांच्याकडे, वीस गटाच्या अध्यक्षांकडे, वीस वरच्या वाडीतल्या गटाकडे. तीन माझ्याकडे, कुंडीत लावून बघायला. मी भाड्याच्या खोलीत राहते, परस नाही.

मार्चच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्याकडच्या एका तरी गावरान वाणाचं मूठभर बी कागदाच्या पुडीत आणा. प्लास्टिक नको. पुडीवर वाणाचं नाव, तुमचं नाव, आणि बी कुठून आलं ते लिहा, माहेरचं असेल तर माहेरच्या गावाचं नाव. नाव माहीत नसेल तर "पिवळं फूल, लांब शेंग" असं काहीही चालेल. रजिस्टर मी घेऊन येते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक